टॉपर हेडनचा ठेका

द क्लॅश या ब्रिटिश बँडच्या 'लंडन कॉलिंग' या अल्बमची दुसरी तबकडी लावली की पहिलं गाणं लागतं 'राँग एम बॉयो'. सुरुवात जुन्या अमेरिकी रॉक अँड रोलची. गायक जो स्ट्रमर स्टॅगर ली आणि बिली या दोघांच्या जुगाराची गोष्ट सांगायला घेतो, बिली चिडतो, सुऱ्याची भाषा सुरू होते, आणि आता गाणं रंगणार असं वाटेपर्यंत सगळी वाद्यं थांबतात. पुन्हा पहिल्यापासून, असं स्ट्रमर फर्मावतो. गाणं खरोखरच पहिल्यापासून सुरू होतं, पण आता ते जमैकात पोचलेलं असतं. स्का या तिथल्या नाचऱ्या संगीताचा ठेका, दोन मात्रांच्या मधल्या जागेत तुटक वाजणारा ऑर्गन, त्यावर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. मगाशी खुनाच्या वाटेला लागलेली गोष्ट पायांना ताल धरायला लावते.

तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकायची मला सवय आहे. कारण त्या थांब्यामागे फार लांबचा प्रवास आहे. स्टॅगर ली हा खरा माणूस. ली शेल्टन त्याचं नाव. १८९५ च्या नाताळच्या रात्री सेंट लुईसच्या एका गुत्त्यात टोपीवरून बाचाबाची झाली आणि त्यानं बिली लायन्सला गोळी घातली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांनी त्या खुनाची गाणी केली, ती गाणी पिढ्यान् पिढ्या फिरली, समुद्र ओलांडून जमैकात गेली. तिथे साठच्या दशकात द रूलर्स नावाच्या गटानं त्यातून आपलं गाणं काढलं. आणि कॅरिबियन बेटांवरून पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांच्या मागोमाग तिथलं संगीत लंडनच्या घराघरांत शिरलं. द क्लॅश १९७९ मध्ये हे गाणं वाजवतो तेव्हा त्या एका क्षणाच्या थांब्यात अमेरिका संपते आणि जमैका सुरू होते.

'लंडन कॉलिंग'बद्दल लिहिताना लोक यादी देतात: पंक (वेगवान, रांगडं, बंडखोर रॉक), रेगे (जमैकाचं संथ, खोल बेसचं संगीत), स्का, रॉकबिली, जॅझ, सोल, पॉप. यादी बरोबर आहे, पण तिनं माझं समाधान होत नाही. अनेक बँडनी असे नमुने गोळा केले आणि ते ऐकताना दुकानात उंची कपडे अंगाला लावून बघितल्यासारखे वाटतात. क्लॅशचं तसं होत नाही. हे एवढे ठेके त्यांच्या अंगात कसे भिनले आणि पुढे तीच ताकद कशी हातची गेली, हे शोधायला गेलं की मी दर वेळी ड्रम्सच्या मागे बसलेल्या माणसापाशी, टॉपर हेडनपाशी, येऊन पोचतो.

१९७६ साली लंडनमध्ये हा बँड उभा राहिला तेव्हा तो माणूस त्यात नव्हता. जो स्ट्रमर होता. खरं नाव जॉन मेलर. जन्म अंकाराचा, वडील ब्रिटनच्या परराष्ट्र सेवेत आणि त्या वडिलांचा जन्म आपल्या लखनौचा. आईवडील देशोदेशी, मुलगा इंग्लंडमधल्या बोर्डिंग शाळेत. मिक जोन्स आजीबरोबर लंडनच्या एका उंच सरकारी इमारतीत अठराव्या मजल्यावर राहायचा. खाली वेस्टवेचा उड्डाणपूल, दिवसरात्र गाड्यांची घरघर. पॉल सिमोनन ब्रिक्स्टन आणि नॉटिंग हिलच्या कॅरिबियन शेजारात वाढलेला, चित्रकलेचा विद्यार्थी. दिसायला देखणा म्हणून बँडमध्ये घेतलेला आणि बेस गिटारचा गंध नसलेला. कुठे बोट ठेवायचं ते कळावं म्हणून त्यानं बेसच्या दांडीवर स्वरांची अक्षरं रंगवून घेतली होती. पण रेगेच्या रेकॉर्ड त्यानं शाळकरी वयापासून ऐकल्या होत्या. हातांना जे येत नव्हतं ते कानांना येत होतं.

ऑगस्ट १९७६ मध्ये नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात जोरदार चकमक उडाली. स्ट्रमर आणि सिमोनन त्या गर्दीत होते. त्यातून 'व्हाइट रायट', म्हणजे गोऱ्यांची दंगल, हे गाणं आलं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नाव खटकतं, पण गाण्याचं म्हणणं सरळ आहे: शेजारची काळी मुलं अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरलीत, आपण गोरी मुलं गप्प का? त्याच सुमारास रॉक्सी नावाच्या क्लबात पंक बँड वाजवू लागले होते. दोन बँडच्या मधल्या वेळात रेकॉर्ड लावायचं काम डॉन लेट्स या जमैकन आईवडिलांच्या मुलाकडे होतं. पंकच्या रेकॉर्ड तोवर फारशा निघालेल्या नव्हत्या, तेव्हा तो आपल्या घरातलं रेगे लावायचा. लंडनच्या पंक पोरांच्या कानांवर तो खोल, संथ बेस असा रोज पडला.

पहिल्या अल्बमवर, म्हणजे १९७७ च्या एप्रिलमध्ये, क्लॅशनं जमैकन गायक ज्युनियर मर्विनचं 'पोलीस अँड थीव्ह्ज' वाजवलं. दोन-अडीच मिनिटांच्या धडाक्याच्या गाण्यांमध्ये हे सहा मिनिटांचं गाणं. त्यांनी ते रेगेसारखं वाजवायचा प्रयत्न केला नाही, आपल्या चालीवर वाजवलं, आणि त्या प्रामाणिकपणामुळे ते टिकलं. मूळ गाण्याचा निर्माता ली 'स्क्रॅच' पेरी त्याच वर्षी त्यांचं 'कंप्लीट कंट्रोल' रेकॉर्ड करायला आला. बॉब मार्लीनं आपल्या एका गाण्यात क्लॅशचं नाव घेतलं.

माझे मामा दादरच्या एका भजनी मंडळात तबला वाजवायचे. त्यांना मी एका दुपारी तीन गाणी पाठोपाठ ऐकवली होती. आधी मर्विनचं मूळ, मग क्लॅशचं, मग 'लंडन कॉलिंग'मधलं 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन'. काय कुठलं ते सांगितलं नव्हतं. पहिल्या गाण्याला त्यांनी मांडीवर ताल धरला आणि दोन आवर्तनांत थांबले. "अरे, हा सम मोकळी सोडतोय," म्हणाले. "जिथं सगळे थाप मारतील तिथं हा हात उचलतोय." दुसऱ्या गाण्याला म्हणाले, "चाल तीच, पण हा सगळं भरून टाकतोय. मोकळी जागाच ठेवत नाही." तिसरं संपल्यावर त्यांनी विचारलं, "हा वाजवणारा दुसरा आहे ना रे? याला थांबता येतं."

मामांना पंक हा शब्दही ठाऊक नव्हता. पण दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं ते त्यांनीच. रॉकमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर पडतो आणि पहिली मात्रा ठणकावून सांगितली जाते. रेगेचा जो 'वन ड्रॉप' ठेका आहे त्यात पहिली मात्रा कोरी असते आणि मोठ्या ड्रमचा ठोका तिसरीवर पडतो. ऐकणाऱ्याचं शरीर पहिल्या मात्रेवर आधार शोधायला जातं आणि तिथे पायरी नसते. तो तोल जाण्याचा आनंद म्हणजे रेगे. स्वर, शब्द, गिटारचा पोत यांची नक्कल जमते, पण मोकळी जागा मोकळी ठेवणं हे वाजवणाऱ्याच्या अंगातच असावं लागतं. पहिल्या अल्बमवर टेरी चाइम्स होता आणि तो त्या काळाला साजेसा ठोकून वाजवायचा. १९७७ च्या वसंतात त्याच्या जागी निकोलस हेडन आला. चेहरा एका कॉमिकमधल्या माकडासारखा दिसतो म्हणून सिमोननं त्याला त्या कॉमिकचं नाव दिलं: टॉपर.

टॉपरला पंकचं फारसं कौतुक नव्हतं. त्याला जॅझ ड्रमर आवडायचे, सोल आणि फंक हातातला. वर्षभर या बँडबरोबर वाजवून नाव करायचं आणि मग चांगल्या ठिकाणी जायचं असा त्याचा विचार होता. दुसऱ्या अल्बमचा अमेरिकी निर्माता सँडी पर्लमन त्याला मानवी ड्रम मशीन म्हणायचा, कारण कितीही वेळा वाजवलं तरी याची लय केसभर ढळायची नाही. तो दुसरा अल्बम मला स्वतःला फार जवळचा नाही. आवाज मोठा, झळाळता, आणि टॉपरला एकाच चाकोरीत पळवणारा. त्याच्याच आगेमागे, जून १९७८ मध्ये, आलेल्या '(व्हाइट मॅन) इन हॅमरस्मिथ पॅले' या सिंगलमध्ये मात्र पुढचं सगळं दिसतं. स्ट्रमर एका रात्रभराच्या रेगे कार्यक्रमाला गेला होता. बंडाची आग बघायला मिळेल या आशेनं गेला आणि तिथे चकचकीत कपड्यांतली करमणूक बघून आला. गाणं त्या अपेक्षाभंगातून सुरू होतं आणि हळूहळू आपल्याच लोकांकडे वळतं: पैशाचं वाटप, नवे कोट घालून मिरवणारे पंक बँड, वर्णद्वेष. दुसऱ्याच्या संगीतात आपण पाहुणे आहोत, आपल्या अपेक्षा त्यांच्यावर लादायचा आपल्याला हक्क नाही, ही जाणीव त्या गाण्यात आहे. पुढच्या सगळ्या सरमिसळीचा पाया मी तिथे मानतो.

आता १९७९. हा काळ समजून घेतल्याशिवाय 'लंडन कॉलिंग' नुसतं छान संगीत उरतं. नॅशनल फ्रंट हा उघड वर्णद्वेषी पक्ष निवडणुका लढवत होता. २३ एप्रिलला त्यांनी साउथॉलमध्ये सभा ठेवली. साउथॉल म्हणजे भारतीयांची, विशेषतः पंजाब्यांची वस्ती. लोक विरोधाला रस्त्यावर आले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, शेकडो जणांना अटक झाली आणि ब्लेअर पीच हा न्यूझीलंडहून आलेला शिक्षक डोक्यावरच्या फटक्यानं मेला. तो फटका बहुधा पोलिसाचाच होता, असं पोलिसांच्या स्वतःच्या चौकशीत निघालं होतं, पण तो अहवाल लोकांसमोर यायला २०१० साल उजाडलं. जुलैमध्ये साउथॉलच्या आरोपींच्या बचाव निधीसाठी रेनबो थिएटरात जे कार्यक्रम झाले त्यात क्लॅश वाजवायला होते. आदल्या वर्षी व्हिक्टोरिया पार्कमधल्या वर्णद्वेषविरोधी मोठ्या मैफलीतही ते होते. आपल्याकडच्या मुलांच्या खटल्याच्या खर्चासाठी गिटार उचलणाऱ्या माणसांबद्दल मला जी ओढ आहे तिचं मूळ अर्धं संगीतात आहे आणि अर्धं इथे.

तेव्हा बँडची अवस्था वाईट होती. मॅनेजर बर्नी ऱ्होड्सशी काडीमोड झालेला, पैसा नाही, नवं गाणं सुचत नाही. पिम्लिकोमध्ये एका गॅरेजच्या मागे व्हॅनिला नावाची तालमीची जागा त्यांनी घेतली. दुपारी जमायचं, समोरच्या मैदानावर फुटबॉल खेळायचा आणि मग वाजवत बसायचं. बाहेरच्यांना मज्जाव. गंमत म्हणून ते दुसऱ्यांची गाणी वाजवू लागले, जुनं रॉकबिली, रेगे, सोल, आणि त्यातून स्वतःची येत गेली. ज्याला तालमीचं महत्त्व ठाऊक आहे त्याला यातलं सुख कळेल: काही सिद्ध करायचं नाही, नुसतं हात चालू ठेवायचे. आणि हे सुख शक्य होतं, कारण जोन्सनं सुचवलेली कुठलीही लय टॉपर दोन मिनिटांत उभी करायचा.

ऑगस्टमध्ये हायबरीच्या वेसेक्स स्टुडिओत मुक्काम हलला. निर्माता गाय स्टीव्हन्स. साठच्या दशकात अमेरिकी रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्डचं वेड लंडनला लावणाऱ्यांपैकी हा एक. एव्हाना दारूनं पोखरलेला, त्यामुळे कुणी काम द्यायला तयार नव्हतं. रेकॉर्डिंग चालू असताना तो खुर्च्या भिरकवायचा, शिडी घेऊन अंगावर यायचा, त्यानं पियानोत दारू ओतली. तांत्रिक बाजू इंजिनिअर बिल प्राइस सांभाळायचा. स्टीव्हन्सचं काम म्हणजे खोलीतलं तापमान वाढवणं. हात साफ करायला म्हणून बँडनं 'ब्रँड न्यू कॅडिलॅक' वाजवलं आणि स्टीव्हन्स म्हणाला, झालं, हेच घेऊ. टॉपर म्हणाला, घेता येणार नाही, लय पुढे वाढत गेलीय. त्यावर स्टीव्हन्सचं उत्तर असं की रॉक अँड रोल सगळंच वाढत जातं. तेच पहिलं वादन रेकॉर्डवर आहे. ऐकून बघा, शेवटाकडे गाडी खरंच वेग घेते. ज्याची लय ढळत नाही अशा माणसाला ती ढळलेली पहिल्यांदा कळावी आणि त्या माणसाचंच न ऐकता ती जशीच्या तशी ठेवली जावी, यात त्या महिन्यांचं सगळं वारं आहे.

एकोणीस गाण्यांपैकी सगळ्यांवर मी लिहिणार नाही. 'लॉस्ट इन द सुपरमार्केट'वर लिहायलाच हवं. गाणं जोन्स गातो. उपनगरातलं एकाकी बालपण, वरच्या मजल्यावरची भांडणं, दुकानाच्या झगमगाटात हरवलेला मुलगा. ऐकताना वाटतं हा स्वतःबद्दल सांगतोय. पण शब्द स्ट्रमरचे आहेत. आजीबरोबर वाढणारा मिक कसा असेल, अशी कल्पना करून स्ट्रमरनं ते मित्रासाठी लिहिलं आणि त्याच्या तोंडी दिलं. एवढी माया दाखवायला ही दोघं एरवी धजली नसती. आणि खाली टॉपर हलक्या हातानं नाचरा ठेका धरून असतो. ते दुःख रडगाणं होत नाही याचं अर्धं श्रेय त्या ठेक्याला.

'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' सिमोननचं, त्यानं लिहिलेलं पहिलं गाणं. दांडीवर अक्षरं रंगवणाऱ्या मुलानं तीन वर्षांत असा बेस रचला की १९९० मध्ये दुसऱ्या एका गटानं तो उचलून ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक गाठला. गाण्यात ब्रिक्स्टनच्या रस्त्यावरची पोलिसांची दहशत आहे आणि ब्रिक्स्टन खरोखर पेटलं ते १९८१ च्या एप्रिलमध्ये, गाण्यानंतर सव्वा वर्षानं. शीर्षकगीताबद्दल खूप लिहिलं गेलंय: बीबीसीच्या युद्धकाळातल्या पुकाऱ्यावरून घेतलेलं नाव, थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीचा अपघात, थेम्सला पूर येऊन शहर बुडेल ही भीती. मी फक्त शेवटाकडे लक्ष वेधतो. गाणं विरताना गिटार तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड असे टिपके देत राहते. बुडणाऱ्या जहाजाचा संदेश.

आणि किंमत. बँडला दोन तबकड्यांचा अल्बम एका तबकडीच्या भावात विकायचा होता. त्यांची रेकॉर्ड कंपनी सीबीएस तयार नव्हती. मग त्यांनी अल्बमबरोबर एक जादा रेकॉर्ड फुकट द्यायची परवानगी काढली आणि त्या जादा रेकॉर्डवर नऊ-दहा गाणी भरली. १४ डिसेंबर १९७९ ला ब्रिटनमध्ये दोन तबकड्या पाच पौंडांना मिळू लागल्या. या कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला तेव्हा क्लॅश विकले गेले म्हणून पंकच्या सोवळ्या मंडळींनी सुतक पाळलं होतं. मला विचाराल तर त्या आरोपाचं उत्तर भाषणातून आलं नाही, ते दुकानातल्या किंमतीच्या चिठ्ठीवर आलं.

पुढच्याच वर्षी त्यांनी हात आणखी सैल सोडला. 'सॅन्डिनिस्टा!', डिसेंबर १९८०, तीन तबकड्या, छत्तीस गाणी. नाव निकाराग्वातल्या क्रांतिकारकांचं. किंमत पुन्हा जवळजवळ एका तबकडीची, आणि त्यासाठी ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरच्या मानधनावर पाणी सोडलं. डब, वॉल्ट्झ, गॉस्पेल, कॅलिप्सो, मुलांच्या आवाजात जुनं गाणं, एक गाणं तर आपल्याच दुसऱ्या गाण्याची फीत उलटी फिरवून केलेलं. सहाच्या सहा बाजू सारख्या ताकदीच्या नाहीत आणि शेवटच्या दोन बाजूंना माझं लक्ष उडतं हे खरं. पण पहिलंच गाणं, 'द मॅग्निफिसंट सेव्हन', न्यूयॉर्कमध्ये एप्रिल १९८० मध्ये रेकॉर्ड झालेलं रॅप आहे. रॅप तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागाच्या बाहेर पाय टाकत होतं. गाण्यात सकाळी सातचा गजर आणि कारकुनाचा दिवस. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांच्या रेडिओ केंद्रांनी ते लावलं. सरमिसळ पटली की नाही याचा कौल मूळ घरातल्या माणसांनी द्यायचा असतो, आणि तो इथे मिळाला.

सगळीकडे मिळाला नाही. किंगस्टनच्या चॅनल वन स्टुडिओत ते माइकी ड्रेड या जमैकन गायक-निर्मात्याबरोबर वाजवायला गेले, तेव्हा आसपासच्या टोळक्यांनी पैसे मागायला सुरुवात केली आणि गाशा गुंडाळून निघावं लागलं. गरिबीनं पिचलेल्या शहरात परदेशी बँड पाहुणा म्हणून आला आणि त्याच्याकडे वाटायला काही नव्हतं, तर हे व्हायचंच. उलट प्रसंग न्यूयॉर्कमध्ये घडला. १९८१ च्या उन्हाळ्यात टाइम्स स्क्वेअरच्या बाँड्स नावाच्या क्लबात आठ कार्यक्रम ठरले होते. तिकिटं जागेपेक्षा जास्त विकली गेली, अग्निशमन दलानं हरकत घेतली, आणि तिकीट घेतलेला कुणी परत जाऊ नये म्हणून बँडनं आठाचे सतरा केले. सुरुवातीला वाजवायला त्यांनी ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरिअस फाइव्ह या कृष्णवर्णीय रॅप गटाला बोलावलं. क्लॅशसाठी आलेल्या गोऱ्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली, पेले फेकून मारले. स्ट्रमर त्या प्रेक्षकांवर मनापासून संतापला. बँडचा कान जिथे पोचला होता तिथे त्याचे चाहते पोचले नव्हते. मिश्र संगीताला टाळ्या देणं सोपं असतं, ज्यांच्याकडून ते आलं त्यांना आपल्यासमोर उभं राहू देणं अवघड. हे बाँड्सच्या बाहेरही, आपल्याकडेही, मी पाहिलं आहे.

आता टॉपरकडे. 'रॉक द कॅस्बा' हे अमेरिकेत त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं, तिथे आठव्या क्रमांकापर्यंत गेलेलं. एके दिवशी टॉपर स्टुडिओत लवकर आला, कुणीच आलं नव्हतं. डोक्यात एक चाल घोळत होती. त्यानं ड्रम्स वाजवून रेकॉर्ड केले, त्यावर पियानो वाजवला, मग बेसही स्वतःच वाजवला. बाकीचे आले तेव्हा गाण्याचा सांगाडा उभा होता. शब्द स्ट्रमरचे, आणि त्यांच्यात आपल्याकडची एक कडी आहे. मॅनेजर म्हणून परतलेला ऱ्होड्स बँडच्या लांबलचक वादनाला कंटाळून म्हणाला होता, प्रत्येक गोष्ट रागाएवढी लांब हवीच का? त्या 'रागा'वरून स्ट्रमरला पहिली ओळ सुचली: राजा फर्मान काढतो की राग बंद करा. लोक ऐकत नाहीत.

हे गाणं ज्यावर आहे तो अल्बम, 'कॉम्बॅट रॉक', मे १९८२ मध्ये आला आणि त्याच महिन्यात टॉपरला काढलं. हेरॉइन. लय न ढळणाऱ्या माणसाचं बाकी सगळं ढळलं होतं आणि बाकी तिघांना ते झेपेना. 'रॉक द कॅस्बा'ची चित्रफीत टेक्सासमध्ये काढली गेली तेव्हा ड्रम्सवर टेरी चाइम्स बसला होता. मी ती चित्रफीत पूर्ण बघू शकत नाही. ज्याच्या हातातून ते गाणं बोटाबोटानं आलं तो त्यात नाही. ते चौघे एकमेकांचे डॉक्टर नव्हते, पंचविशी-तिशीतली थकलेली मुलं होती, त्यांना मी दोष देत नाही. पण त्या वर्षापासून बँडचं वाजणं उतरत गेलं हे कानांना कळतं. सप्टेंबर १९८३ मध्ये मिक जोन्सलाही काढलं. उरलेल्या नावावर १९८५ मध्ये 'कट द क्रॅप' निघाला आणि त्यावर ड्रम्सच्या जागी बऱ्याच ठिकाणी ड्रम मशीन आहे. ज्याला मानवी ड्रम मशीन म्हणायचे तो गेला आणि त्याच्या जागी खरं मशीन आलं. त्या मशीनला सगळ्या मात्रा येतात, मोकळी सोडायची कुठली ते कळत नाही. १९८६ च्या सुरुवातीला बँड संपला. पुढे एका माहितीपटात स्ट्रमरनं मनमोकळेपणानं सांगितलं की चार माणसांचं जे मिश्रण जमलेलं असतं त्याला कधी हात लावू नये.

टॉपरनं मधल्या काळात टॅक्सी चालवली, खूप सोसलं, आणि अखेर तो व्यसनातून बाहेर आला.

मला त्यांचं सगळ्यात मोठं गाणं विचाराल तर मी 'स्ट्रेट टू हेल' सांगीन. १९८१ चं वर्ष संपता संपता न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झालेलं. रॉकचा ठेका चालेना म्हणून टॉपरनं ब्राझीलच्या बोसा नोव्हाच्या अंगानं जाणारा, थबकत चालणारा ठेका धरला. स्ट्रमर मोठ्या ड्रमसमोर उभा राहून टॉवेलात गुंडाळलेल्या लेमोनेडच्या बाटलीनं त्यावर ठोके देत होता. त्या बुजलेल्या आवाजावर गाणं चालतं. इंग्लंडमधले गंजलेले पोलाद कारखाने आणि तिथे नकोसे झालेले परदेशी, व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिक मागे सोडून गेलेली मुलं, जी बापाला म्हणतात मला घरी ने, आणि बाप जे उत्तर देतो ते. हाकलून दिलेल्या माणसांचं एवढं शांत गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

त्या गाण्याच्या सुरुवातीचा गिटारचा तुकडा एम.आय.ए. या श्रीलंकन तमिळ कुटुंबातल्या लंडनच्या गायिकेनं 'पेपर प्लेन्स'साठी घेतला. व्हिसाच्या कटकटींतून सुचलेलं गाणं, स्थलांतरितांकडे संशयानं बघणाऱ्यांवरचं. ते 'स्लमडॉग मिल्यनेअर'मध्ये आलं, आगगाडीच्या टपावरून फिरणाऱ्या, डब्यांत वस्तू विकणाऱ्या मुंबईच्या पोरांच्या दृश्यावर. २००९ च्या जानेवारीत थिएटरात तो तुकडा वाजला आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. आजूबाजूचे लोक सिनेमा बघत होते, मी टॉपरचा ठेका शोधत होतो. तो त्यात नव्हता, नवा ठेका घातला होता. पण निर्वासितांसाठी लिहिलेलं गाणं पंचवीस वर्षांनी एका निर्वासिताच्या मुलीनं उचलावं आणि ते माझ्या शहरातल्या रुळांवर येऊन पोचावं, हा प्रवास ली शेल्टनच्या गोष्टीइतकाच खरा आहे, आणि 'पेपर प्लेन्स'च्या श्रेयनामावलीत टॉपर हेडनचं नाव आहे.

स्ट्रमर शेवटपर्यंत ऐकत राहिला. बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसवर तो जगभरच्या रेकॉर्ड लावायचा. २००१ च्या अल्बमवर त्याचं 'भिंडी भाजी' नावाचं गाणं आहे. परदेशातून आलेला एक माणूस त्याला लंडनच्या रस्त्यावर मटाराचा इंग्रजी पदार्थ कुठे मिळेल म्हणून विचारतो आणि हा त्याला त्या भागात जे जे मिळतं ते सगळं मोजून दाखवतो, दालपासून हलालपर्यंत. मग तो विचारतो, तुमचं संगीत कसलं? स्ट्रमर अडखळतो आणि पुन्हा यादी सुरू होते, तीत भांगडाही आहे. १५ नोव्हेंबर २००२ ला संपावरच्या अग्निशमन जवानांच्या मदतीसाठी तो ॲक्टनच्या टाउन हॉलमध्ये वाजवत होता, मिक जोन्स प्रेक्षकांत होता, आणि न ठरवता मिक वर येऊन वाजवू लागला. १९८३ नंतर पहिल्यांदा दोघे एका रंगमंचावर. २२ डिसेंबरला स्ट्रमर हृदयातल्या जन्मजात दोषानं गेला. पन्नास वर्षांचा होता.

ज्यांनी क्लॅश कधी ऐकला नाही त्यांनी सुरुवात 'लंडन कॉलिंग'नं करावी, पण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, बेस ऐकू येणार नाही. त्याआधी मर्विनचं 'पोलीस अँड थीव्ह्ज' आणि रूलर्सचं 'राँग एम बॉयो' ऐका, घर कुणाचं ते आधी कळलेलं बरं. 'सॅन्डिनिस्टा!' एका बैठकीत ऐकू नका, रोज एक बाजू पुरे. आणि 'स्ट्रेट टू हेल'ची जी साडेपाच मिनिटांची आवृत्ती 'कॉम्बॅट रॉक'वर आहे ती कापलेली आहे. नंतर निघालेल्या संचात जवळपास सात मिनिटांची पूर्ण आवृत्ती मिळते, तिच्यात आणखी ओळी आहेत आणि टॉपर जास्त वेळ वाजतो. ती शोधा.